७/१२, विसर्ग आणि ‘दुसऱ्या’: फाइलच्या नावांतील व दस्तऐवजांतील विशेष चिन्हे कशी हाताळावीत

शेतजमिनीच्या उताऱ्याची स्कॅन केलेली प्रत संगणकावर ठेवताना तिला ‘७/१२ उतारा’ असे नाव द्यावे, असे कोणालाही वाटेल. विंडोज मात्र हे नाव घेत नाही. मधली तिरकी रेघ संगणकाच्या लेखी अक्षर नाही. फोल्डर कुठे संपला आणि त्याच्या आतली वस्तू कुठे सुरू झाली, हे सांगणारी ती खूण आहे. त्यामुळे ‘७/१२ उतारा’ याचा अर्थ यंत्राला ‘७’ या फोल्डरमधील ‘१२ उतारा’ नावाची फाइल असा लागतो. लिनक्सवरही हीच अडचण येते. मॅकच्या फाइंडरमध्ये अशी रेघ टाकता येते, कारण मॅक ती आतल्या आत अपूर्णविरामाच्या रूपात साठवतो. पण विंडोजला अपूर्णविरामही चालत नसल्याने ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेताना अडचण उभी राहते. यावर सरळ उपाय म्हणजे नावात ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे किंवा ‘७-१२’ अशी साधी आडवी रेघ वापरावी. जावक क्रमांकालाही हाच नियम लावावा: कागदावरचा ‘जा.क्र. १२/२०२३’ फाइलच्या नावात ‘जाक्र १२-२०२३’ असा लिहावा आणि मूळ रूप दस्तऐवजाच्या आत जसेच्या तसे ठेवावे.

एक्सेलमध्ये हा प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. रकान्यात इंग्रजी अंकांत सात, तिरकी रेघ आणि बारा असे टंकले, की एक्सेल ती तारीख समजतो, आणि उताऱ्याच्या जागी ७ डिसेंबर किंवा १२ जुलै उमटतो. अशी नोंद करण्यापूर्वीच त्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे करावे, किंवा नोंदीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. एकदा तारीख झालेली नोंद मागाहून ‘टेक्स्ट’ केली, तर तिथे तारखेमागचा पाच आकडी क्रमांक दिसू लागतो, आणि पुन्हा हाताने लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

गेली काही वर्षे मी एका छोट्या वाचनालयाचे जुने अहवाल, इतिवृत्ते आणि अर्ज संगणकावर आणण्याचे काम करतो आहे. या कामात अनेकांकडून ‘फाइलची नावे इंग्रजीतच ठेवा, मराठीच्या भानगडीत पडू नका’ असा सल्ला मिळतो, आणि तो मला मान्य नाही. मराठी नाव आजच्या कोणत्याही संगणकावर व्यवस्थित चालते. मात्र पडद्यावर दिसणारे अक्षर आणि आत साठवलेले चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीतूनच निघाल्या आहेत.

विंडोजला न चालणारी चिन्हे

विंडोजमध्ये फाइलच्या नावात \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत. लिनक्स केवळ तिरक्या रेघेला आणि शून्य संकेतांकाच्या अदृश्य चिन्हाला मनाई करते. परंतु आपली फाइल उद्या कोणाच्या संगणकावर जाईल हे आपल्या हाती नसते; म्हणून विंडोजचा नियम सर्वत्र पाळावा, हे उत्तम. लेखाचे शीर्षक प्रश्नार्थक असेल, तर प्रश्नचिन्ह फाइलच्या नावातून वगळावे. पूर्णविरामासाठी दंड हवा असेल, तर कळफलकावरची उभी रेघ न वापरता देवनागरीचा खरा दंड ‘।’ वापरावा, दोन्ही सारखे दिसत असले, तरी पहिल्याला मनाई आहे आणि दुसऱ्याला नाही. सरळ दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाही, पण वर्ड आपोआप करून देतो ती वळणदार अवतरणचिन्हे चालतात. तरीही ती नावात घालू नयेत, कारण पुढे शोध घेणारा माणूस सरळ चिन्हच टंकणार.

मराठी माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारे चिन्ह म्हणजे अपूर्णविराम, आणि त्याचे कारण विसर्ग. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘प्रातःकाल’ या शब्दांत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय आपल्याकडे फार रुळली आहे. छापील मजकुरात तो फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फाइलच्या नावात मात्र तो लगेच बाधतो. विंडोजच्या खिडकीत हाताने नाव देताना निदान सूचना तरी मिळते. एखाद्या प्रोग्रामने परस्पर नाव तयार केले, तर तीही मिळेलच असे नाही. एनटीएफएस या, विंडोजच्या डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीत अपूर्णविरामाला एक खास अर्थ आहे: त्याच्या आधीचा भाग फाइलचे नाव ठरतो आणि नंतरचा भाग त्या फाइलला जोडलेल्या एका छुप्या कप्प्याचे नाव होतो. ‘अर्ज स्वत:च्या जागेसाठी’ या नावाने साठवायला गेलेला दस्तऐवज ‘अर्ज स्वत’ या नावाची, शून्य बाइट आकाराची फाइल होऊन बसतो, आणि सगळा मजकूर डोळ्यांआड त्या कप्प्यात जातो. हा कप्पा एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. कमांडच्या खिडकीत डीआयआर या आज्ञेला तिरकी रेघ आणि आर जोडून दिले, तर तो यादीत दिसतो. अशी शून्य आकाराची, अर्धवट नावाची फाइल आढळली, तर ती पुसू नये, आणि पेन ड्राइव्हवरही हलवू नये. पेन ड्राइव्हवर बहुधा एनटीएफएस नसते, त्यामुळे नकलेत तो कप्पा गळून पडतो.

यावर कायमचा उपाय म्हणजे विसर्ग विसर्ग म्हणूनच टंकणे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो आडव्या रेघेच्या कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. उच्चारानुसार टंकण्याच्या बहुतेक साधनांतही त्याची सोय असते. ती एकदा शोधून ठेवावी. आधीच टंकलेल्या मजकुरात शोधा-बदला करताना मात्र सरसकट सगळे अपूर्णविराम बदलू नयेत, कारण ‘विषय:’, ‘वेळ: १०:३०’ अशा ठिकाणी अपूर्णविरामच योग्य आहे. ‘स्वत:’, ‘दु:ख’, ‘पुन:’, ‘अंत:’, ‘नि:’, ‘विशेषत:’ अशी ठरावीक रूपे एकेक करून बदलावीत.

नावाच्या शेवटचा टिंब हा दुसरा सापळा. विंडोज फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाच्या शेवटी आलेले पूर्णविराम आणि मोकळ्या जागा काहीही न सांगता काढून टाकते. मराठीत संक्षेपानंतर टिंब देण्याची रीत असल्याने ‘ग्रा.पं.’, ‘जि.प.’, ‘पावत्या इ.’ अशी नावे फोल्डरला सहज दिली जातात. विंडोजवर तयार केलेल्या फोल्डरचा शेवटचा टिंब फक्त नाहीसा होतो. पण मॅकवर किंवा लिनक्सवर तयार झालेला ‘ग्रा.पं.’ हा फोल्डर टिंबासकट विंडोजवर आला, तर तो दिसतो आणि तरीही उघडत नाही, कारण विंडोज टिंब काढून ‘ग्रा.पं’ शोधायला जाते आणि तशी वस्तू तिथे नसते. म्हणून संक्षेपाने नाव संपवू नये. ‘ग्रामपंचायत’ असे पूर्ण लिहावे. मधले टिंब चालतात, पण मुळात फाइलचा प्रकार ओळखण्यासाठी यंत्र शेवटचा टिंब पाहते. तेव्हा ते जितके कमी, तितके बरे.

रोमन लिपीत नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, तसेच कॉम आणि एलपीटी यांना १ ते ९ हे अंक जोडून होणारी नावे रोमन अक्षरांत फाइलला देता येत नाहीत. डॉसच्या काळात ती कळफलक, छपाईयंत्र अशा साधनांसाठी राखून ठेवली होती आणि तो नियम विंडोजने पुढे चालवला. देवनागरीत हीच नावे बिनधोक देता येतात.

दिसायला एक, आत वेगळे

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळू. आमच्या वाचनालयाच्या एका फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या सभेचे इतिवृत्त’ या नावाच्या दोन फाइली एकाखाली एक दिसत होत्या. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत, हा तर संगणकाचा पहिला नियम. त्या राहिल्या, कारण संगणकाच्या दृष्टीने त्यांची नावे वेगळी होती.

‘दुसऱ्या’ या शब्दातील वळणदार अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार म्हणजे मराठीसाठी असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतील) यू+०९३१. त्यापुढे हलन्त आणि मग य. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मग हलन्त आणि य. तिसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर रुंदी नसलेले अदृश्य जोडचिन्ह यू+२००डी, आणि मग य: ‘दुसर्‍या’. (हे संकेतांक संगणकावर देताना अर्थातच रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत.) चांगल्या फाँटमध्ये तिन्ही रूपे डोळ्याला अगदी सारखी दिसतात. फाइल साठवणाऱ्या यंत्रणेला ती तीन वेगळी नावे वाटतात, आणि कित्येक ठिकाणी एक रूप टंकून शोधले, तर दुसऱ्या रूपातली फाइल सापडत नाही.

पहिल्या दोन प्रकारांची गाठ युनिकोडने स्वतः घालून दिलेली आहे. ऱ म्हणजे र अधिक नुक्ता, हे त्याच्या नियमांत लिहिलेले असल्याने, ‘नॉर्मलायझेशन’ म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया केली, की दोन्ही एक होतात. मॅकवर १९९८पासून चालत आलेली एचएफएस प्लस ही पद्धत फाइलच्या नावांतील अशी अक्षरे फोडून साठवते. म्हणजे आपण ऱ टंकला, तरी डिस्कवर र आणि नुक्ता उमटतो. २०१७मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस ही पद्धत नाव जसे दिले तसे ठेवते. त्यामुळे जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेली फाइल आणि विंडोजवर तयार केलेली फाइल अशा जुळ्या एकाच फोल्डरमध्ये नांदू शकतात. तिसऱ्या प्रकाराला मात्र कोणतेही नॉर्मलायझेशन लागू पडत नाही. अदृश्य जोडचिन्ह तिथे तसेच राहते, आणि ते आपल्यालाच बदलावे लागते.

आपल्या मजकुरात कोणते रूप आहे, हे ओळखण्याची सोपी रीत सांगतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये तो एकच शब्द चिकटवावा, आधी किंवा नंतर मोकळी जागा किंवा नवी ओळ ठेवू नये, आणि फाइल ‘यूटीएफ-८’ या संकेतपद्धतीने, ‘बॉम’ हा शब्द नसलेला पर्याय निवडून साठवावी. मग तिच्या गुणधर्मांत आकार पाहावा. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ऱ वापरून लिहिलेल्या ‘दुसऱ्या’मध्ये द, उकार, स, ऱ, हलन्त, य आणि काना अशी ७ चिन्हे आहेत, म्हणून आकार २१ बाइट दिसला पाहिजे. तो २४ दिसला, तर आत नुक्ता किंवा अदृश्य जोडचिन्ह आहे, हे निश्चित समजावे.

याहून साधी परीक्षा बॅकस्पेसच्या कळीने होते. विंडोजमध्ये बॅकस्पेस जोडाक्षर एकदम न पुसता एकेक चिन्ह पुसत मागे येतो. ‘ॲप’ या शब्दातील पहिल्या अक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबावा. पूर्ण अक्षर गेले, तर ते यू+०९७२ हे एकसंध ‘ॲ’ होते. ‘अ’ शिल्लक राहिला, तर तिथे अ आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडलेली होती. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात ‘अॅ’ अशी जोडणी आढळते. ऱसारखी या दोघांची गाठ युनिकोडने घातलेली नाही, म्हणून नॉर्मलायझेशनने ती एक होत नाहीत. वकिलांच्या कार्यालयात ‘ॲड.’ने सुरू होणारी शेकडो नावे असतात. त्यांतील निम्मी एका रूपात आणि निम्मी दुसऱ्या रूपात असली, तर अकारविल्हे यादी दोन ठिकाणी विभागली जाते आणि नावे जुळवणारे सूत्र फसते.

माझा आग्रह असा आहे, की मराठी मजकुरात ऱ आणि ॲ ही दोन्ही अक्षरे एकसंध रूपातच वापरावीत. ती आपल्या भाषेच्या गरजेची अक्षरे आहेत, त्यांना स्वतःची जागा मिळालेली आहे, आणि अदृश्य चिन्हावर विसंबलेले रूप कोणत्याही साफसफाईत सहज मोडते. ही साफसफाई कशी घात करते, तेही पाहावे. अनेक प्रोग्राम आणि संकेतस्थळे मजकूर स्वीकारताना सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकतात. ‘र्‍या’मधले जोडचिन्ह निघाले, की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन बसतो: दुसऱ्याचे ‘दुसर्या’ होते, डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यांना’ द्यायचे मानधन ‘आचार्यांना’ जाते. म्हणून स्वच्छता करायची, तर क्रम सांभाळावा: आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावा, आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांना हात लावावा. जोडाक्षर होऊ न देणारे यू+२००सी हे दुसरे अदृश्य चिन्ह ‘उद्‌घाटन’, ‘सद्‌गुरू’ अशा शब्दांत द चा पाय मोडून दाखवण्यासाठी वापरतात. ते गेल्याने अक्षराचे वळण बदलते, शब्द बदलत नाही. फाइलच्या नावात ते नसलेलेच चांगले.

‘वाङ्मय’ हा शब्द या बाबतीत फार सोसतो. त्यातील ङ हे क-वर्गातले अनुनासिक, यू+०९१९. कळफलकावर ते सापडत नाही म्हणून लोक ड टंकून त्यावर अनुस्वार देतात, कोणी ड शेजारी टिंब ठेवतात, तर कोणी नुक्त्याचा ड़ वापरतात. दिसायला साधारण जमते, पण ग्रंथालयाच्या सूचीत ‘वाङ्मय’ शोधले, की यांतले एकही पुस्तक समोर येत नाही. ङ सापडत नसेल, तर एकदा योग्य शब्द मिळवून तो वर्डच्या ‘ऑटोकरेक्ट’मध्ये नोंदवावा, म्हणजे पुढे अडचण राहत नाही. ल आणि श यांच्या मराठी आणि हिंदी वळणांबद्दलही लोक विचारतात. तिथे संकेतांक एकच असतो आणि फरक फक्त फाँटचा असतो, त्यामुळे नावाला त्याची बाधा नाही.

संकेतस्थळांवरून किंवा मेलमधून नाव उचलून चिकटवताना आणखी काही पाहुणे सोबत येतात. न तुटणारी मोकळी जागा, यू+००ए०, साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते, पण शोधात जुळेलच असे नाही. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबल्यावर साधी जागा मधल्या टिंबासारखी आणि ही जागा छोट्या वर्तुळासारखी दिसते, त्यामुळे ती चटकन ओळखता येते. पीडीएफमधून तर नाव कधीच उचलू नये: देवनागरीचा मजकूर पीडीएफमधून नकलताना वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. याहून गंभीर म्हणजे लिहिण्याची दिशा उलटवणारे यू+२०२ई हे अदृश्य चिन्ह. ते नावात घालून, चालवता येणारी घातक फाइल पीडीएफ असल्याचे भासवता येते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलचे नाव जरा विचित्र दिसले, तर नावावर न जाता ‘टाइप’ हा रकाना पाहावा.

लांबी

विंडोजमध्ये एका नावाला २५५ चिन्हांपर्यंत मुभा आहे, आणि सगळ्या फोल्डरांची वाट धरून जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांना २६० ही मर्यादा पडते. लिनक्सवर मात्र मोजणी चिन्हांत नसून बाइटमध्ये होते: २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची अवघी ८५ चिन्हे. त्यातही जोडाक्षर म्हणजे एक चिन्ह नव्हे; ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात ११ चिन्हे आणि ३३ बाइट आहेत. विंडोजवर शासकीय परिपत्रकाचा संपूर्ण विषयच नाव म्हणून दिलेली फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर चढत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. संकेतस्थळाच्या पत्त्यात तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याची खूण आणि दोन अंकाक्षरे अशा तीन जोड्यांत, म्हणजे ९ चिन्हांत लिहिले जाते. साधा ‘मराठी’ हा शब्द तिथे ४५ चिन्हे लांब होतो. नाव ४० ते ५० चिन्हांच्या आत ठेवले, तर हे सगळे प्रश्न टळतात. पत्त्यातून उघडायच्या फाइलींच्या नावांत # आणि % ही चिन्हेही घालू नयेत, कारण पत्त्यात त्यांना वेगळे काम दिलेले आहे.

मजकूर बिघडला, तर आधी लक्षण ओळखावे

दस्तऐवज उघडल्यावर मराठीऐवजी काहीतरी भलतेच दिसले, की लोक घाबरून फाँट बदलत सुटतात. लक्षणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फाँटमध्ये देवनागरी नाही. निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी निवडावा. माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला लागून ¤ किंवा ¥ अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ मध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच संकेतपद्धतीने वाचला जातो आहे. तो परत मिळवता येतो. मात्र त्या अवस्थेत फाइल साठवू नये, तशीच बंद करावी आणि योग्य पद्धत निवडून उघडावी. मात्रेच्या बुडाशी तुटक रेघांचे ◌ असे वर्तुळ दिसले, तर टंकण्याचा क्रम चुकला आहे: वेलांटी अक्षराच्या आधी पडली आहे किंवा मात्रा दोनदा पडली आहे. आणि जिथे ????? अशी साधी प्रश्नचिन्हांची रांग आहे, तिथला मजकूर त्या फाइलमधून गेलेला आहे. अशा वेळी फाँट बदलण्यात वेळ न घालवता मूळ प्रत शोधावी.

पाचवे लक्षण जुन्या कागदपत्रांत दिसते: रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्ही-टीटी अशा कुळांतील फाँटांत टंकलेला मजकूर आत इंग्रजी चिन्हांचाच असतो. तो विशिष्ट फाँट असेपर्यंतच मराठी दिसतो. तो फाँट मिळवून बसवणे ही तात्पुरती सोय झाली. त्या फाँटसाठी केलेले परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि नंतर ओळन् ओळ वाचून पाहावी. माझ्या अनुभवात परिवर्तनात सर्वाधिक चुका रफार, ऱ्य आणि पहिली वेलांटी लागलेली जोडाक्षरे यांत होतात, म्हणून तिथे विशेष लक्ष ठेवावे. २०१०च्या आसपासच्या अंदाजपत्रकांत आकड्यांपूर्वी ` असे एकाकी चिन्ह दिसते, त्याचीही कथा अशीच आहे: रुपयाचे चिन्ह जुलै २०१०मध्ये स्वीकारले गेले, युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले, आणि मधल्या काळात काही फाँटांनी ते या कळीवर बसवले होते. आता खरे ₹ वापरावे. भारतीय इंग्रजी कळफलकावर ते उजवे ऑल्ट आणि ४ दाबून मिळते.

एक्सेल आणि झिप

सभासदांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) या स्वरूपात आली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली, तर वर सांगितलेली ¤ ची रांग हमखास दिसण्याची शक्यता असते. फाइलच्या आरंभी ‘बॉम’ ही खूण नसली, की एक्सेल तिला जुन्या संकेतपद्धतीची समजतो. त्याऐवजी रिकामे एक्सेल उघडून ‘डेटा’ या पट्टीतून मजकुराची फाइल आत घ्यावी, आणि संकेतपद्धती म्हणून ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावी. आपण स्वतः सीएसव्ही पाठवत असू, तर साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे समोरच्याला हा त्रास पडत नाही.

झिपच्या बाबतीत, मुळात त्या स्वरूपात नावांसाठी इंग्रजीपुरतीच सोय होती, आणि यूटीएफ-८ची खूण पुढे जोडली गेली. जुन्या विंडोजमधील अंगभूत झिप मराठी नावाची फाइल बांधायलाच नकार देते. सेव्हन-झिपसारखे साधन वापरून बांधलेले गाठोडे नव्या संगणकांवर नीट उघडते. समोरचा संगणक किती जुना आहे हे माहीत नसेल, तर गाठोड्यातील फाइलींना रोमन लिपीत क्रमांकवजा नावे द्यावीत आणि त्यांची मराठी यादी वेगळ्या दस्तऐवजात सोबत जोडावी. अर्ज स्वीकारणाऱ्या काही संकेतस्थळांना नावात रोमन अक्षरे आणि अंक यांपलीकडे काहीच चालत नाही. तिथेही हीच तोड निघते.

साठलेला गोंधळ निस्तरताना

शेकडो फाइलींची नावे बदलायची असतील, तर प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि जुन्या नावांची यादी मजकुराच्या फाइलमध्ये यूटीएफ-८ने साठवावी. पुढे एखादा दुवा तुटला, तर कोणत्या नावाचे काय झाले हे त्या यादीवरूनच कळते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा: पहिल्या फेरीत र्‍ चे ऱ्, दुसऱ्या फेरीत अॅ चे ॲ, तिसऱ्या फेरीत विसर्ग, मग मोकळ्या जागा. नवे रूप दिल्यावर दोन फाइलींची नावे एकच होऊ पाहतील, आणि प्रोग्राम ‘अशी फाइल आधीच आहे’ असे विचारील. तिथे ‘बदला’ म्हणू नये. दोन्ही फाइली उघडून पाहाव्यात. आमच्या त्या दोन इतिवृत्तांपैकी एकावर अध्यक्षांच्या दुरुस्त्या होत्या आणि दुसऱ्यावर नव्हत्या. नवी नावे देताना दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आडव्या रेघांनी जोडून, ‘२०२३-०४-०९’ असा लिहावा, आणि अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी हे एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवावे, नाहीतर क्रमवारीत दोन वेगळे गट पडतात.

हे सगळे ठरल्यावर त्याच फोल्डरमध्ये ‘नावांचे नियम’ नावाची एक छोटी फाइल ठेवावी. तिच्यात ऱ, ॲ, ङ, विसर्ग आणि ₹ ही चिन्हे योग्य रूपात लिहून ठेवावीत, म्हणजे नवीन येणाऱ्या माणसाला ती कळफलकावर सापडली नाहीत, तरी तिथून उचलून घेता येतील.